अध्ययन वक्र आणि दुर्बिणीद्वारे फुप्फुसाची शस्त्रक्रिया

छातीवर लहान छेद घेऊन फुप्फुसाचा रोगट भाग काढता येतो. हे यश दुर्बिणीचे की सर्जनच्या अनुभवाचे? त्यासाठी इतिहास पाहू.

१९१० मध्ये स्वीडनचे डॉ. याकोबेउस यांनी दुर्बिणीने छातीची आतून तपासणी करण्याची पद्धत मांडली. पुढे क्षयावर प्रभावी औषधे आली आणि तिचा वापर घटला. दुर्बिणीला व्हिडिओ कॅमेरा जोडल्यावर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस, फुप्फुसाचा पूर्ण खंड, म्हणजे लोब, असा काढला जाऊ लागला.

पण सर्जनला फुप्फुस हाताने चाचपता येईना. पडद्यावर खोली कळेना. रक्तवाहिनीला इजा झाली तर छाती उघडावी लागे. सराव वाढला तसा शस्त्रक्रियेचा वेळ कमी झाला. यालाच 'अध्ययन वक्र' म्हणतात. १९३६ मध्ये टी. पी. राइट यांनी विमानांच्या उत्पादनखर्चात हाच कल दाखवला होता. लोब काढण्यात हात बसायला साधारण ५० शस्त्रक्रिया लागतात, असे मानले जाते.

पोटाच्या शस्त्रक्रियेतही हेच दिसते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले, तेव्हा १८ वर्षांचा सराव पाठीशी होता.

लक्षात घ्या, या वक्रावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे एक रुग्ण. म्हणूनच नवा सर्जन आधी सिम्युलेटरवर आणि मग अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली शिकतो. एकाचा अनुभव दुसऱ्याला मिळाला, तरच सुरुवातीच्या रुग्णांचा धोका कमी होतो.