पाच सेंटीमीटरची रेघ

आज गोष्ट यकृताच्या कॅन्सरची.

१९६७ साली अमेरिकेतल्या डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झल यांनी एका चिमुरडीचं यकृत बदललं. ती वर्षभराहून जास्त जगली, पण कॅन्सर परत आला. पुढची कित्येक वर्षं बऱ्याच पेशंटच्या बाबतीत हेच होत राहिलं. दान मिळालेली यकृतं मोजकी. मग द्यायची कुणाला?

१९९६ मध्ये इटलीतल्या मिलानच्या व्हिन्चेंझो माझ्झाफेरो यांच्या टीमने ४८ पेशंटचा अभ्यास मांडला. नियम साधा: गाठ एकच असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येकी ३ पर्यंत. ऑपरेशननंतर काढलेली यकृतं तपासली, तर ३५ जण खरंच नियमात बसत होते, १३ जण नव्हते. चार वर्षं कॅन्सर परत न येता जगण्याचं प्रमाण नियमात बसणाऱ्यांत ९२ टक्के, बाकीच्यांत ५९.

मी कोड लिहितो. माझ्या भाषेत हे दोन ‘इफ’! जगभर तेच वापरले गेले. पण तो ५९चा आकडाही बघा ना. रेघेबाहेर निघालेल्या त्या १३ जणांपैकीही बऱ्याच जणांना फायदा झाला. रेघ लागतेच, कारण यकृतं कमी आहेत. पण रेघेबाहेर म्हणजे आशा संपली, असं नाही.