गोदाम भरले आणि गिरणी थांबली

27 जुलै 1949 रोजी सोलापूरच्या जुन्या मिलच्या कामगारांना गिरणी बंद होणार असल्याची नोटीस मिळाली आणि बरोबर महिन्याने, 27 ऑगस्टला, गिरणी खरोखरच बंद पडली. न्यायालयाच्या दप्तरात पुढे त्याची कारणे नोंदली गेली ती दोन: साठून राहिलेला माल आणि पैशाची ओढाताण.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी हे तिचे कागदावरचे नाव. मुंबईचे मोरारजी गोकुळदास यांनी काढलेली ही गिरणी 1877 साली सुरू झाली आणि भागधारकांना तिने वर्षानुवर्षे चांगला लाभांश दिला. ती बंद पडल्यावर केंद्र सरकारने 9 जानेवारी 1950 रोजी वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. राज्यघटना अमलात यायला तेव्हा अजून 17 दिवस होते. भागधारक कोर्टात गेले. चिरंजीतलाल चौधरी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 4 डिसेंबर 1950 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली; द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात मात्र 18 डिसेंबर 1953 रोजी हेच ताबा घेणे घटनाबाह्य ठरले. 1955 च्या चौथ्या घटनादुरुस्तीला ज्या निकालांनी निमित्त दिले त्यांत हा एक. कायद्याचे विद्यार्थी अजूनही या खटल्यांचा अभ्यास करतात, पण या सगळ्याच्या बुडाशी न खपलेला माल होता हे त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या ध्यानात येत असेल.

आज सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एखाद्या कारखानदारापुढे दोन सॉफ्टवेअरवाले बसतात. एक वेअरहाऊस मॅनेजमेंट विकतो, दुसरा ईआरपी. पहिला गोदामाची काळजी वाहतो, दुसरा सगळ्या धंद्याची. निवड करायला निघालेल्याने जुन्या मिलची हकीकत आधी वाचावी असे वाटते, कारण गोदामात काय आहे हे माहीत असणे आणि ते तिथे का पडून आहे हे माहीत असणे यांतला फरक या गावाने फार महाग किमतीला अनुभवला आहे.

1860 मध्ये रेल्वे सोलापुरात पोहोचली आणि कापसाच्या गाठी मुंबईकडे भराभर जाऊ लागल्या. अडत्याकडे रोजकीर्द असे, खतावणी असे, आणि मालाची वही निराळी असे. पैशाचा हिशेब एका वहीत, गाठींचा दुसऱ्या. दोन्हींचा मेळ घालायचा तो शेटजींनी, डोक्यात. धंदा एका डोक्यात मावत होता तोवर हे झकास चालले. गिरणीत मात्र मागांचे साचेखाते वेगळे, कताईचे त्रासन खाते वेगळे, रंगखाते वेगळे, प्रत्येकाचा कारकून वेगळा. त्यातून बहुतेक गिरण्यांचे मोठे निर्णय व्हायचे मॅनेजिंग एजंटांच्या पेढीत, साच्यांपासून लांब. 1948 च्या आरंभी कापडावरचे नियंत्रण उठले आणि त्याच वर्षी पुन्हा बसले. 1949 मध्ये देशभर गिरण्यांच्या गोदामांत माल तुंबला. असल्या काळात गोदामाची नोंदवही गाठीगणिक बिनचूक असली तरी ती फक्त ढीग मोजते. साचे कधी मंदावायचे, सूत कधी घ्यायचे थांबायचे, बँकेला काय सांगायचे, हे तिच्यात कुठेच लिहिलेले नसते.

सॉफ्टवेअरच्या दोन घराण्यांचे वेगळेपण नेमके इथलेच. ईआरपीचे मूळ कारखान्यात आहे. 1964 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ ऑर्लिकी यांनी पक्क्या मालावरून कच्च्या मालाची गरज मागे मागे काढत जाण्याची पद्धत बसवली, 1972 मध्ये जर्मनीत सॅप कंपनी निघाली, आणि ईआरपी हे नाव रूढ झाले 1990 नंतर. गोदामाचे सॉफ्टवेअर बारकोडच्या बोटाला धरून वाढले: कोणता खोका कोणत्या मांडणीवर, आधी कोणता उचलायचा, कोणत्या ट्रकमध्ये चढवायचा. आपल्याकडे या दोन्हींच्या आधी दुकानांत शिरली ती टॅली. 1986 साली ती काढणारे श्यामसुंदर गोएंका हे कापड गिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवणारे व्यापारी होते. स्वतःच्या धंद्याला बसेल असे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून मुलगा भरत याने ते लिहिले.  

आता मोठ्या गिरण्या गेल्या. चादर आणि टेरी टॉवेलला 2005 साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती विणली जातात पूर्व भागातल्या पेठांत आणि अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत, लहान-मोठ्या यंत्रमागांवर. त्यांतले कितीतरी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घराण्यांचे. टॉवेलचा प्रवास पाहिला की हिशेबाची खरी गोम कळते. सूत कोनावर येते, किलोने. रंगाला जाते, तिथे वजन बदलते. मग वाइंडिंग, बीम, माग, शिलाई, धुलाई. यांतली दोन-तीन कामे दुसऱ्याच्या शेडमध्ये. शेवटी माल बाहेर पडतो तो डझनाने. शिवाय रंगाचा लॉट सांभाळावा लागतो: दोन लॉटमधले तांबडे टॉवेल एका सेटमध्ये गेले तर उजेडात धरताच गिऱ्हाईक परत पाठवते.

म्हणजे या धंद्याचे अर्धेअधिक गोदाम भिंतीबाहेर, दुसऱ्यांच्या मागांवर असते. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा सरकारनेही ते ओळखले. जॉबवर्कला चलनावर पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच विकला असे धरून कर लागतो. 2018 पासून ठरावीक रकमेवरच्या मालाला ई-वे बिलही आले. मांडणीवरचा खोका सापडवून देणारे सॉफ्टवेअर इथे तोकडे पडते. इथल्या सॉफ्टवेअरला चलनाची तारीख, रंगाचा लॉट, रंगाऱ्याकडची घट आणि येणे रक्कम एका धाग्यात धरता आली पाहिजे, आणि हे काम ईआरपीच्या कुळातले.

यावरून प्रत्येकाने लाखोंची ईआरपी घ्यावी असे मात्र नाही. चार माग आणि एक खोली एवढा पसारा असलेल्याला टॅली आणि नीट लिहिलेली लॉटवही पुरते. नुसता साठवणुकीचा धंदा करणाऱ्यालाही ईआरपी डोईजड होते: शेकडो पार्ट्यांचा माल, रोजची चढ-उतार, उत्पादन शून्य. तिथे गोदामाचेच सॉफ्टवेअर हवे. ज्याचा माल पाच दारे फिरून घरी येतो त्याने मात्र सह्या करण्यापूर्वी विक्रेत्यासमोर गेल्या महिन्यातले एक खरे चलन ठेवावे आणि शंभर किलो सुताचे किती टॉवेल झाले, किती सूत अजून कोणाकडे आहे, तयार मालातले किती महिनाभर हलले नाही, हे पडद्यावर दाखवायला सांगावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर ते सॉफ्टवेअर घेऊ नये.