सायकलीचा लांबचा प्रवास: वर्दळ टाळणारा मार्ग कसा आखावा?

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासात वर्दळीचे रस्ते टाळणे ही केवळ सोयीची नव्हे, तर जीविताच्या सुरक्षिततेची बाब आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा जेमतेम दोन टक्के असला, तरी यांपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू राष्ट्रीय महामार्ग व द्रुतगती मार्गांवर झाले.

त्यामुळे महामार्ग सोडून आतील रस्त्याने जावे, असा सल्ला सायकलस्वारांना नेहमी दिला जातो. तो योग्य असला तरी अपुरा आहे. आतील रस्त्यावरून कोणता माल, कोणत्या महिन्यांत वाहून नेला जातो, हे पाहिल्याखेरीज तो रस्ता सुरक्षित मानता येत नाही. छत्तीसगडमधील अभनपूरचा परिसर हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

तिठ्याचे गाव

रायपूरच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरवर अभनपूर हे तालुक्याचे ठिकाण आहे. धमतरी, कांकेरमार्गे जगदलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३० येथून जातो. राजिम, गरियाबंद व देवभोगमार्गे ओडिशाच्या सीमेकडे जाणारा महामार्ग १३० सी येथूनच फुटतो. महानदीकाठचे तीर्थक्षेत्र राजिम किंवा धमतरीजवळचे गंगरेल धरण गाठू पाहणाऱ्या सायकलस्वाराला हा तिठा सहसा टाळता येत नाही.

हे गाव पूर्वीपासून वाहतुकीचा सांधा राहिले आहे. बंगाल नागपूर रेल्वेने १९०० साली सुरू केलेल्या रायपूर-धमतरी नॅरोगेज मार्गाचा राजिमकडे जाणारा फाटा अभनपूरलाच निघत असे. रायपूर शहरातील या मार्गाच्या जागेवर पुढे द्रुतगती मार्ग बांधण्यात आला, तर ३० मार्च २०२५ रोजी रायपूर-अभनपूर मेमू गाडी ब्रॉडगेजवरून सुरू झाली. रायपूर-विशाखापट्टणम या सहापदरी मार्गाचा आरंभही अभनपूर तालुक्यातील झांकीजवळ होतो. अशा प्रवेश-नियंत्रित मार्गांवर सायकलींना सामान्यतः बंदी असते. थोडक्यात, जुन्या नकाशावर या भागातील मार्ग आखणे धोक्याचे आहे.

नकाशावरील काम

आरंभ व शेवट निश्चित झाल्यावर प्रथम महामार्ग व राज्यमार्ग अधोरेखित करून बाजूला ठेवावेत आणि त्यांना समांतर जाणारे जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते शोधावेत. पंतप्रधान ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून डांबरी ग्रामीण रस्त्यांचे जाळे मोठ्या प्रमाणात विस्तारले आहे. या रस्त्यांची भौगोलिक माहिती ग्रामविकास मंत्रालयाने २०२२ मध्ये सर्वांसाठी खुली केली. ओपन स्ट्रीट मॅप या मुक्त नकाशावर रस्त्यांचे वर्ग वेगवेगळ्या रंगांत दिसतात.

प्रत्यक्ष रस्त्यावर मैलाचे दगड उपयोगी पडतात. दगडाचा माथा पिवळा असल्यास राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असल्यास राज्यमार्ग, काळा वा निळा असल्यास जिल्हा मार्ग आणि केशरी असल्यास ग्रामीण रस्ता समजावा.

उपग्रह चित्रात कालव्यांच्या कडेचे सरळ रस्तेही आकर्षक दिसतात. धमतरीजवळच्या रुद्रीपासून निघणाऱ्या महानदी कालव्यांचे जाळे या भागात आहे. परंतु कालव्याचे सेवामार्ग जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. ते सर्वत्र पक्के वा सर्वांना खुले असतीलच असे नाही.

मालाचे वेळापत्रक

छत्तीसगड हे धानाचे राज्य आहे. शासनाची आधारभूत किमतीने धान खरेदी साधारणतः नोव्हेंबरमध्ये सुरू होते आणि जानेवारीअखेरपर्यंत चालते. या काळात खरेदी केंद्रांकडे ट्रॅक्टर आणि तेथून गोदामे व गिरण्यांकडे मालट्रक धावू लागतात. एरवी शांत असलेले ग्रामीण रस्ते नेमके हिवाळ्यात, म्हणजे सायकलीसाठी हवामान उत्तम असताना, गजबजतात.

दुसरा माल म्हणजे वाळू. महानदीच्या घाटांवरून वाळू नेणाऱ्या डंपरांना नदीकाठच्या रस्त्यांवाचून पर्याय नसतो. पावसाळ्याच्या महिन्यांत उत्खननास बंदी असते. ती साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास उठते. याखेरीज माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिमची यात्रा भरते. त्या पंधरवड्यात राजिमच्या रस्त्यांवर मोठी गर्दी असते.

हे सारे एकत्र मांडले असता, पाऊस ओसरल्यानंतरचा आणि वाळू व धान यांची वाहतूक सुरू होण्यापूर्वीचा काळ, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य, या परिसरासाठी अनुकूल ठरतो. पश्चिम महाराष्ट्रात हाच विचार ऊस गळीत हंगामाबाबत करावा लागतो.

अरुंद रस्त्याचे गणित

एकपदरी ग्रामीण रस्त्याची डांबरी रुंदी सहसा ३.७५ मीटर असते. मालवाहू वाहनाची रुंदी २.६ मीटरपर्यंत असू शकते. अशा वाहनाने एक कड पूर्णपणे धरली तरी सायकलस्वारासाठी १.१५ मीटर जागा उरते. ते मधोमध असल्यास प्रत्येक बाजूस ६० सेंटिमीटरही उरत नाही. म्हणून डंपरांची ये-जा असलेल्या अरुंद रस्त्यापेक्षा, कडेला रुंद डांबरी पट्टी असलेला चौपदरी महामार्ग काही वेळा कमी धोक्याचा ठरतो. महामार्ग ३० वरील रायपूर ते कोडेबोड हा ३३ किलोमीटरचा चौपदरी टप्पा जुलै २०२३ मध्ये राष्ट्रार्पण करण्यात आला. अशा रस्त्यावर पहाटेच्या उजेडात अंतर कापावे आणि विरुद्ध दिशेने येणाऱ्या दुचाकींबाबत सावध राहावे.

पूल आणि भुयारी मार्ग

आतील रस्ते कितीही असले तरी नदीवरील पूल मोजकेच असतात. महानदीच्या पश्चिमेस नवापारा आणि पूर्वेस राजिम आहे. दोन्ही गावांची आणि महामार्गाची वाहतूक पुलाकडे एकवटते. म्हणून पूल कोणत्या वेळी ओलांडायचा हे आधी ठरवून उर्वरित वेळापत्रक त्याभोवती बसवावे.

रेल्वेमार्गांबाबतही हेच लागू होते. ब्रॉडगेजवरील रखवालदार नसलेली सर्व फाटके जानेवारी २०१९ पर्यंत हटवण्यात आली. त्यांच्या जागी अनेक ठिकाणी भुयारी मार्ग आले असून पावसात तेथे पाणी साचते. नकाशावर सलग दिसणारा रस्ता तेथे तुटू शकतो.

वेळ आणि खातरजमा

वर्दळ टाळण्यासाठी अंतर वाढते. त्याचा हिशेब आधीच ठेवावा. ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या सायकल उपक्रमात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. म्हणजे विश्रांतीसह ताशी सुमारे १५ किलोमीटर वेग राखावा लागतो. त्या गतीने २० किलोमीटरचा वळसा सव्वा तासाहून अधिक वेळ घेतो. अंधार पडल्यावर अनोळखी अरुंद रस्त्यावर राहण्याची वेळ येणार असेल, तर तो वळसा सोडून द्यावा.

निघण्यापूर्वी स्थानिकांकडे चौकशी करणे हा अखेरचा व महत्त्वाचा टप्पा होय. “हा रस्ता जातो का?” या प्रश्नाला बहुधा “जातो” असेच उत्तर मिळते. त्याऐवजी त्या रस्त्याने बस जाते का, वाळूच्या गाड्या कोणत्या वेळी येतात आणि आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारावे. पंक्चर काढणाऱ्या दुकानदाराला किंवा चहाच्या टपरीवाल्याला त्याचे उत्तर ठाऊक असते. नकाशावर ते सापडत नाही.