टायमिंग बेल्ट आणि अल-जझरी

रविवारी अंगणात भाच्यासोबत माझ्या जुन्या मारुती ८०० चा टायमिंग बेल्ट बदलला. भाचा आयटीआयला आहे. क्रँक आणि कॅमच्या खुणा जुळवताना म्हणाला, "मामू, क्रँकचे दोन फेरे, तेव्हा कॅमचा एक. एक दात चुकला की व्हॉल्व्हची वेळ चुकली."

हा दातेरी रबरी पट्टा तसा कालचा. साखळीऐवजी तो १९६२ साली जर्मनीच्या 'ग्लास १००४' या मोटारीत आला. पण तो ज्यांना जोडतो, त्या क्रँक आणि कॅमची गोष्ट फार जुनी आहे. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जझरीने १२०६ साली आपला यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात क्रँकचा वापर असलेला पाणी उपसायचा पंप आहे, खुंट्यांच्या फिरत्या दांड्याने वाजणारे यांत्रिक वादकही आहेत. दुसऱ्याला ती यंत्रं बनवता यावीत, म्हणून त्याने सुटे भाग आणि त्यांची मापंही लिहून ठेवली.

जलशांत आपण त्याचं नाव अभिमानाने घेतो. मात्र गॅरेजवाल्या मुलाचं स्थळ आलं की नाक मुरडतो. अल-जझरी स्वतः कारागीरच होता, हे सोयीने विसरतो. भाचा मेकॅनिक होणार म्हणून हळहळणाऱ्यांत मीही होतो. आता नाही.