बोल्ट आवळले होते का?

एप्रिल १९७५मध्ये बार्सिलोनाच्या मोंज्विक टेकडीवर स्पेनची ग्रां प्री व्हायची होती. बागेतून वळणं घेत जाणारा शहराचा नेहमीचा रस्ता हाच शर्यतीचा मार्ग. सरावाआधी चालकांनी कडेचे लोखंडी कठडे तपासले, तेव्हा काही बोल्ट ढिले होते, काही नव्हतेच. माझी सगळी नोकरी महापालिकेच्या रस्ते विभागात गेली. शहरातल्या मोटार शर्यतींबद्दल वाचताना मी दर वेळी इथेच अडते. कठडा लांबून धडधाकट दिसतो, बिलही निघतं; पण वायसर घालून बोल्ट आवळलाय का, हे पाना लावल्याशिवाय कळत नाही.

याच टेकडीवर १९६९ साली ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट यांच्या लोटस गाड्यांचे उंच पंख मोडले आणि दोघेही एकाच ठिकाणी आदळले. ते वाचले, ते कठड्यांमुळे. म्हणून सहा वर्षांनी कठड्यांचीच हयगय झालेली पाहून चालक अडून बसले, यात मला आडमुठेपणा दिसत नाही. आयोजकांनी गाड्या जप्त करायची धमकी दिली. मग संघांचे मेकॅनिक पाने घेऊन रस्त्यावर उतरले. संघाचा मालक केन टायरेलही त्यांच्यात होता. आदल्या वर्षीचा जगज्जेता एमर्सन फिटिपाल्डी मात्र सरावात सावकाश फेऱ्या मारून निघून गेला. शर्यतीत सव्विसाव्या फेरीला आघाडीवरच्या रोल्फ श्टोमेलेनच्या गाडीचा मागचा पंख तुटला, गाडी कठड्यावरून पलीकडे गेली आणि तिथली माणसं मेली. दोष पंखाचा होता, बोल्टचा नव्हे, हे सांगायलाच हवं. पण मोकळ्या मैदानातल्या ट्रॅकवर गाडी घसरत जायला जागा असते. शहराच्या रस्त्याला कुणाचीच चूक पोटात घालता येत नाही.

शर्यत मध्येच थांबवून निम्मे गुण दिले गेले. सहाव्या आलेल्या लेला लोम्बार्डीला अर्धा गुण मिळाला. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी ती पहिली बाई, आणि आजवरची एकटीच. तिचा हा मान त्या मृत्यूंना चिकटून राहिला, याचं मला फार वाईट वाटतं. मोंज्विकवर ग्रां प्री पुन्हा झाली नाही.

त्याआधीचा काळ तर उघड्या रस्त्यांचा. १९०३ची पॅरिस–माद्रिद शर्यत इतके बळी घेऊन गेली की बोर्दोलाच थांबवावी लागली. मृतांत रेनो मोटार कंपनीचा सहसंस्थापक मार्सेल रेनोही होता. इटलीतल्या मिल्ये मिल्याचा शेवट १९५७ साली झाला. टायर फुटलेली फेरारी कडेच्या गर्दीत घुसली आणि गाडीतले दोघे आणि नऊ प्रेक्षक गेले, प्रेक्षकांत पाच मुलं.

तरी मोनॅकोकडे पाहून मी शहरातली शर्यत सरसकट वाईट म्हणत नाही. तिथल्या मोटार क्लबला राष्ट्रीय मान्यता हवी होती, पण क्लबची रॅली धावायची दुसऱ्यांच्या रस्त्यांवरून. म्हणून क्लबच्या अँटनी नोगेसने १४ एप्रिल १९२९ रोजी आपल्याच गावाच्या गल्ल्यांत शर्यत भरवली. एवढ्याशा संस्थानाचं नाव त्या एका रविवारने जगभर नेलं. तिथेही माणसं गेली. १९६७ साली लोरेन्झो बांदिनीची गाडी उलटून पेटली, गवताच्या गठ्ठ्यांनी आग वाढवली, आणि मग ते गठ्ठे गेले. मार्ग उभारायला आजही कित्येक आठवडे लागतात. चेंबरची झाकणं वेल्डिंग करून पक्की करतात.

या झाकणांचं महत्त्व लास व्हेगासच्या ग्रां प्रीत नोव्हेंबर २०२३मध्ये दिसलं. पहिला सराव सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली आणि कार्लोस साइन्झची फेरारी रस्त्यातल्या झाकणावरून जाताना खालून फाटली. गाडीखालची हवा झाकण वर ओढते; निखळली होती ती झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकट. आपल्याकडे चौकटीभोवतीचं काँक्रीट पुरतं धरायच्या आत वाहतूक सोडायची घाई नेहमीचीच. स्कूटरला तिथे नुसता धक्का बसतो. तीनशेच्या वेगाला काय होतं, ते त्या रात्री कळलं. पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांना दुसरा सराव न दाखवताच घरी पाठवलं.

हैदराबादला ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हुसेनसागराच्या काठी, २.८३ किलोमीटरच्या मार्गावर विजेच्या गाड्या धावल्या. ज्याँ-एरिक व्हेर्न जिंकला, शहर जगाने पाहिलं. काचिगुड्याच्या माझ्या मावसबहिणीची नोकरी खैरताबादला. तिला आठवतात ते बंद रस्ते आणि वळसा घालून जाणारी बस. पुढे सरकार बदललं आणि जानेवारी २०२४मध्ये दुसरी शर्यत रद्द झाली. मला हे नुकसान दुहेरी वाटतं. लोकांनी त्रास काढला, आणि तेवढ्यापुरतं शिकलेलं कामही वापराविना पडलं. मोनॅकोचे कामगार तेच काम जवळपास दरवर्षी करतात, म्हणून ते त्यांच्या हातात बसलंय.

उद्या पुण्या-मुंबईत कुणी अशी शर्यत आणली तर माझी वेगाबद्दल तक्रार नसेल. रस्ता किती दिवस बंद, रुग्णवाहिका कुठून जाणार आणि प्रत्येक झाकणाच्या तपासणीवर सही कुणाची, हे तिकीटविक्रीच्या आधी वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लागलं पाहिजे.