पहिल्या महायुद्धांतील इंग्रज अंमलदारांचे मनोविकार व दप्तरांतील त्यांचीं नांवें

जुन्या दप्तरांत एखाद्या पुरुषाच्या रोगाचें नांव आढळलें म्हणजे तो रोग त्यास झालाच होता, असें आपण सहज गृहीत धरितों. तह, लढाई किंवा इनाम यांविषयींचा कागद आपण दुसऱ्या कागदाशीं ताडून पाहतों; वैद्याच्या टिपणाची मात्र तशी रुजुवात करीत नाहीं. हा विश्वास कितपत योग्य आहे हें पाहण्यास सन १९१४-१८ च्या महायुद्धांतील इंग्रज अंमलदारांच्या मनोविकारांचे कागद उपयोगी पडण्यासारखे आहेत. त्यांचें थोडक्यांत परीक्षण करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम नांवाचाच इतिहास पाहूं. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनीं फेब्रुवारी १९१५ मध्यें ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली व तींत ‘शेल-शॉक’, म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हा शब्द योजिला. गोळा फुटल्यानें मेंदूस हादरा बसतो व त्यामुळें स्मृति, दृष्टि, वाचा नष्ट होते, अशी आरंभीं समजूत होती. परंतु जवळपास गोळा फुटलेला नसतांही हींच लक्षणें दिसूं लागलीं. मग दप्तरांत या रोगाचे दोन वर्ग झाले. ‘डब्ल्यू’ अक्षर लागलें तर तो मनुष्य रणांत जखमी झालेला समजावयाचा व त्यास जखमीचा मान मिळावयाचा. ‘एस्’ लागलें तर तो नुसता आजारी. जून १९१७ च्या हुकुमानें शेल-शॉक हा शब्द आघाडीवरील डॉक्टरांनीं लिहूं नये असें ठरलें. त्याऐवजीं ‘अद्याप निदान न झालेला मज्जाविकार’ अशा अर्थाचीं चार अक्षरें मांडावयाचीं, व गोळा खरोखरच जवळ फुटला होता कीं नाहीं हें पलटणीच्या मुख्य अंमलदारानें एका छापील फॉर्मावर लिहून द्यावयाचें. याप्रमाणें रोगाचें नांव ठरविण्यांत डॉक्टराइतकेंच, किंबहुना अधिक, वजन पलटणीच्या शब्दास आलें.

दुसरा भेद हुद्द्याचा. शिपायाची वाचा बसली किंवा हातपाय लुळे पडले तर त्यास बहुधा ‘हिस्टेरिया’ म्हणत. अंमलदारास झोंप येत नसली, भयंकर स्वप्नें पडत असलीं, हात कांपत असले तर ‘न्यूरेस्थेनिया’ म्हणत. पहिलें नांव त्या काळीं स्त्रियांच्या दुखण्याचें व हिणकस मानलें जाई. दुसरें अतिश्रमानें थकलेल्या सभ्य गृहस्थाचें. लक्षणांतील हा भेद अगदींच काल्पनिक होता असें नाहीं. अंमलदारावर हाताखालच्या माणसांची जबाबदारी असे व भय दाबून टाकण्याचें शिक्षण त्यास शाळेपासून मिळालेलें असे, अशी त्याची मीमांसा डॉ. डब्ल्यू. एच्. आर्. रिव्हर्स यांनीं केली आहे. तथापि नांव देतांना लक्षणांइतकाच हुद्दाही पाहिला जात असे.

हे रिव्हर्स आपणांस अगदींच परके नाहींत. निलगिरीवरील तोडा लोकांत १९०१-०२ सालीं राहून त्यांनीं केलेलें संशोधन १९०६ सालीं ग्रंथरूपानें बाहेर आलें. स्कॉटलंडांत एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथील जलोपचारगृह ऑक्टोबर १९१६ मध्यें अंमलदारांचें इस्पितळ झालें, तेथें ते डॉक्टर होते. युद्धाचा विचारच मनांत आणूं नका, असा उपदेश त्या वेळीं सर्रास होई. रिव्हर्स यांनीं रुग्णास तोच प्रसंग शांतपणें आठवून बोलावयास लाविलें, व या पद्धतीवरील निबंध डिसेंबर १९१७ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिन या संस्थेपुढें वाचला. परंतु उपचाराचा शेवट ठरलेला होता : मनुष्य बरा करावयाचा तो पुन्हां रणांगणावर धाडण्यासाठीं. कवि विल्फ्रेड ओवेन हे जून १९१७ मध्यें येथें आले. ते इस्पितळाच्या ‘हायड्रा’ या मासिकाचे कांहीं काळ संपादक होते. ते परत आघाडीवर गेले व युद्ध थांबण्यास एक आठवडा उरला असतां, ४ नोव्हेंबर १९१८ रोजीं मारले गेले.

आतां सिगफ्रिड ससून यांचें प्रकरण पहावें. शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस मिळविलेल्या या अंमलदारानें जुलै १९१७ मध्यें युद्ध हेतुपुरस्सर लांबविलें जात आहे असें जाहीर पत्रक काढलें. लष्करी न्यायसभेपुढें उभें करावें तर गवगवा होणार. मित्र रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या खटपटीनें वैद्यकीय मंडळ बसलें व ससून क्रेगलॉकहार्टला रवाना झाले. ३० जुलै रोजीं तें पत्रक पार्लमेंटांत वाचलें गेलें, तेव्हां तें आजारी माणसाचें लिखाण असें म्हणण्याची सोय सरकारास झालेली होती. येथें रोगाच्या नांवानें एक मत झांकलें, व त्याच नांवानें एक मनुष्य वांचविला.

यावरून अंमलदारी हीच ढाल होती असें कोणी अनुमान काढील, तर सेकंड लेफ्टनंट एरिक पूल यांचा खटला त्याच्या आड येतो. जुलै १९१६ मध्यें सोमच्या रणांत गोळ्यानें उडालेलीं मातीचीं ढेंकळें अंगावर बसून त्यांस शेल-शॉक झाला होता व तसा दाखलाही होता. ऑगस्ट अखेर ते पलटणींत परतले. ऑक्टोबरांत तुकडी सोडून भटकतांना सांपडले. त्यांच्या मनाच्या स्थितीविषयीं डॉक्टरानें साक्ष दिली, तरी देहान्ताची शिक्षा झाली. अंमलदाराचा हा गुन्हा शिपायाच्या गुन्ह्याहून गंभीर, असें सरसेनापति हेग यांनीं रोजनिशींत नमूद केलें आहे. १० डिसेंबर १९१६ रोजीं पोपरिंगे येथें पूल यांस गोळ्या घालण्यांत आल्या. त्या वेळीं क्रेगलॉकहार्ट उघडून दोन महिने झाले होते.

पुढें १९२२ सालीं सरकारी चौकशी समितीनें शेल-शॉक हा शब्दच टाकून द्यावा असें सुचविलें. सप्टेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यांत शिपायांच्या नोकरीचे बहुतेक कागद जळाले. क्रेगलॉकहार्टचीं दाखलपुस्तकें मात्र क्यू येथील राष्ट्रीय दप्तरांत आहेत. त्यामुळें वाचणाऱ्यास अंमलदारांचें दुःख सविस्तर दिसतें व शिपायांचें त्रुटित. हें प्रमाण दुःखाचें नसून कागदांचें आहे, हें विसरतां कामा नये.

तात्पर्य, या दप्तरांत रोगाचें नांव हें निदान तर आहेच, पण तो हुकूमही आहे. तें कोणीं लिहिलें, कोणासाठीं लिहिलें व तें लिहिल्यानें काय टळलें, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय तें नांव इतिहासांत घेऊं नये. सन २००६ च्या कायद्यानें पूल यांच्यासह देहान्त झालेल्या ३०६ जणांस क्षमा मिळाली. परंतु त्यांच्यावरील गुन्ह्याचा निर्णय त्या कायद्यानें रद्द केलेला नाहीं. मूळ कागदावरील शब्द आजही तसाच आहे. तो कसा वाचावा, एवढेंच संशोधकाच्या हातीं आहे.