निवासी संस्थांतील संगोपनाचे मूल्यमापन

आश्रमशाळा, बालगृहे, वृद्धाश्रम आदी संस्थांच्या आश्रयास असलेल्यांचा आहार, आरोग्य, सुरक्षितता आणि आत्मसन्मान कितपत राखला जातो, याची पद्धतशीर पारख. अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ मध्ये वैद्यकीय सेवेपुरती सुचविलेली साधने, प्रक्रिया व परिणाम ही त्रिविध विभागणी येथेही लागू पडते. मात्र साधनांची मोजदाद सर्वांत सुलभ असल्याने तपासनिसाचे दप्तर बहुधा त्यांनीच भरलेले असते.

मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमांना लागून असलेल्या पूर्व विदर्भातील सालेकसा तालुक्यात हा प्रश्न प्रामुख्याने देवरी येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांचा आहे. हजेरीपट, साठानोंदवही आणि शेरेबुक यांची छाननी तेथेही आवश्यकच. परंतु नोंदवहीतील तांदळाचा मेळ बसला म्हणजे ताटातील भाताचाही बसला, असे मानणाऱ्या अधिकाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. खरी परीक्षा रात्रीची असते: मुले जमिनीवर निजतात की खाटेवर (मण्यारीच्या मुलखात हा भेद जीवनमरणाचा ठरतो), मुलींच्या निवासात अधीक्षिका मुक्कामास असते किंवा कसे, आणि अपरात्री ताप चढलेल्या मुलाला रुग्णालयात नेण्याची जबाबदारी नेमकी कोणाची. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असल्याने, कोणत्या मुलास हा विकार आहे हे अधीक्षकास ठाऊक असणे, त्याला पुरेसे पाणी व नियमित औषध मिळणे आणि त्याच्या सांधेदुखीस कामचुकारपणा न समजणे, हे संगोपनाचे अत्यंत विश्वसनीय गमक होय.

बालगृहांच्या तपासणीसाठी २०१५ च्या बालन्याय अधिनियमाने किमान तीन सदस्यांचे, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असलेले पथक दर तीन महिन्यांनी जाणे बंधनकारक केले आहे. आश्रमशाळांच्या तपासणीतही वैद्यकीय दृष्टी असणे किती अगत्याचे आहे, हे तेथील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची चौकशी करणाऱ्या डॉ. सुभाष साळुंखे समितीच्या २०१६ मधील अहवालानंतर वेगळे सांगावयास नको. एखाद्या मृत्यूपुढे कारणाचा रकाना कोरा राहतो, तेव्हा तो कोरेपणाच त्या संस्थेच्या गुणवत्तेविषयीचा निष्कर्ष मानावा. मुलांची साक्ष घेताना मुख्याध्यापकांना दूर ठेवावे, आणि लहानग्यांशी बोलण्यास गोंडी जाणणारी व्यक्ती पथकात असावी. एरवी ‘जेवण चांगले असते’ हे पढविलेले एकच उत्तर सर्व मुखांतून ऐकू येते.